जीव जाईन, कोटिंग जानार नाही

शरद अवचारचा मला राग असा कधी आला नाही. राग यायला समोरचा माणूस थोडा तरी मोठा असावा लागतो. मला त्याचा तिटकारा होता. चहात माशी पडल्यावर होतो तसा, रोजचा आणि बिनतक्रार. परवा वाशीमच्या स्टँडसमोर एका रंगाच्या दुकानात कुणीतरी गिऱ्हाइकाला सांगत होतं, "स्लॅब फुटन, पन हे कोटिंग जानार नाही," आणि मी गाडी लावता लावता थांबलो. आवाज दुसऱ्याचाच होता. पण वाक्य त्याचं होतं, आणि ते ऐकून माझं तोंड अजूनही कडू होतं.

मी वाशीमच्या एका हाडाच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. गावाकडची माणसं मला 'मालिशवाले डॉक्टर' म्हणतात. मी आता ते दुरुस्त करत नाही. डॉक्टर गुडघा बसवतात, टाके निघतात, आणि मग तो गुडघा वाकवायचं काम माझ्याकडे येतं. पेशंट रडतो, मला शिव्या देतो आणि बरा झाल्यावर पेढे डॉक्टरांना देतो. या सगळ्याच्या मध्ये, ओपीडीबाहेरच्या लाकडी बाकावर, पायांत पांढरे बूट आणि मांडीवर सराफाची लाल मखमली डबी घेऊन अवचार बसलेला असायचा.

तो कृत्रिम सांधे विकणाऱ्या एका कंपनीच्या एजंटाचा एजंट होता. मूळचा रिसोड तालुक्यातल्या केनवडचा. त्याआधी तो आठवडी बाजारांत नॉनस्टिक तवे विकायचा. मी स्वतः त्याला तवा विकताना पाहिलं आहे. पालथा तवा मांडीवर घ्यायचा, त्यावर चमचा खरखरा ओढायचा आणि बायकांकडे पाहून ओरडायचा, "पाहा बाई, ओरखडा? हाय का ओरखडा? जीव जाईन, कोटिंग जानार नाही!" आमच्या घरी तो तवा आला होता. पहिल्या पावसाळ्यातच त्याचे काळे पापुद्रे भाकरीला चिकटून निघाले. बायको म्हणाली, तीळ समजून खा. मग तो छपराच्या टिनांना लावायचा रंग विकू लागला, मग पाण्याच्या टाकीचा लेप, आणि मग एक दिवस बूट घालून थेट दवाखान्यात आला. माल बदलला, वाक्य तेच राहिलं. माणसाच्या गुडघ्याला आणि तव्याला एकच वाक्य लावायला जी हिंमत लागते, ती त्याच्याकडे होती. तिला हिंमत म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

त्या लाल डबीत सोनेरी गुडघा असायचा. सोन्याचा नव्हे, सोनेरी. मांडीच्या हाडाच्या टोकावर बसवतात तो वाकडा तुकडा, साधारण म्हशीच्या खुराएवढा आणि बराचसा तसाच दिसणारा. आत साधा पांढरट धातू, आणि वरून केसाहूनही पातळ असा सिरॅमिकचा कठीण थर. त्या थराचा रंगच मुळात सोनेरी असतो. लेपात खोटं काही नव्हतं, हे आधीच सांगतो. ज्यांच्या अंगाला धातू सोसत नाही, त्यांना त्याचा उपयोग होतो. अवचारला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची गरजही नव्हती. त्याला रंग ठाऊक होता. आपल्या माणसाला पिवळं काही दाखवलं की त्याची अक्कल बसल्या जागी डुलकी घेते, हेही त्याला ठाऊक होतं.

त्याचा खेळ ठरलेला. बाकावर एखादी म्हातारी गुडघा चोळत बसलेली दिसली की तो सरकत सरकत तिच्याजवळ जायचा. "काय वं माय, कुठी दुखते?" मग डबी उघडायची. म्हातारीचे डोळे मोठे व्हायचे. कित्येक जणींनी तो गुडघा हातात घेऊन आधी कपाळाला लावला आहे. मग तो खिशातून पोती शिवायचं दाभण काढायचा आणि तिच्याच हातात द्यायचा. "घास. जोर लावून घास. तुह्या हातानं पाह्य." म्हातारी भीत भीत दाभण ओढायची. ओरखडा उठायचा नाही. आणि मग ते वाक्य. आसपासचे चार जण माना डोलवायचे. आतून डॉक्टर हे सगळं ऐकायचे आणि मान खाली घालून औषधं लिहीत राहायचे. आमचे डॉक्टर हाताने फार चांगले, पण जिभेने भित्रे. त्यांच्याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहायचं नाही.

एकदा मी अवचारला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हटलं, "अरे, गुडघ्यात दाभण कोण घासतं? त्या धातूखाली प्लॅस्टिकची चकती असते. चालता चालता झिजते ती चकती. नाहीतर ज्या हाडात हे बसवतो, ते हाड सैल पडतं. ते का दाखवत नाहीस?" त्याने माझ्याकडे अशा कनवाळू नजरेनं पाहिलं, की जणू पाय माझाच लुळा आहे. म्हणाला, "सर, लगनात लोकं नवरीचा दागिना पाहातेत. परकर कोनी पाहाते का?" आणि माझ्या पाठीवर थाप मारून चहा सांगायला निघून गेला. तो चहाही मी प्यायलो. गरम होता म्हणून.

किन्हीराजाच्या दोन जावांची गोष्ट आमच्या दवाखान्यात अजून सांगतात. थोरलीचा गुडघा बदलायचा ठरला. अवचारने डबी उघडली आणि सोनेरी बसला. महिन्याभरात धाकटीही लंगडत आली. तिचा एक्सरे पाहून डॉक्टर म्हणाले, तुमचा गुडघा अजून चांगला आहे, गोळ्या घ्या, वजन उतरवा. ती तिथेच रडू लागली. "थोरलीले सोन्याचा अन् मले गोया? मी काय माहेराहून खाली हातानं आल्ती?" नवऱ्याने तिला कसंबसं घरी नेलं. पण आग लागली होती ती लागलीच. दुसऱ्या आठवड्यात थोरलीचं अख्खं घर दवाखान्यात हजर. थोरलीचा ऑपरेशननंतरचा एक्सरे धाकटीने उजेडात धरून पाहिला होता, आणि त्यात गुडघा पांढराफेक होता. झालं. सोन्याचा दाखवला अन् चांदीचा बसवला, असा बोभाटा. थोरलीचा मुलगा डॉक्टरांच्या टेबलावर एक्सरे आपटून विचारत होता, "सोनं कुठी गेलं?"

एक्सरेत कुठलाही धातू पांढराच दिसतो, हे मी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, सिस्टरने सांगितलं. कुणीही ऐकेना. मग अवचार आला. तो कुणाशी वाद घालत बसला नाही. "तुमचं बराबर हाय भाऊ," म्हणाला, "हा एक्सरे कच्चा हाय. पक्का मी आनून देतो." ती फिल्म घेऊन तो सरळ एका फोटो स्टुडिओत गेला. तिथल्या पोराकडून कॉम्प्युटरवर गुडघ्यात छानपैकी सोनेरी रंग भरून घेतला, मोठा प्रिंट काढला, फ्रेम केली आणि किन्हीराजाला स्वतः नेऊन दिली. थोरलीच्या घरी ती फ्रेम आजही भिंतीवर आहे, देवांच्या रांगेत. संध्याकाळी त्यांना उदबत्ती ओवाळताना तिलाही ओवाळतात म्हणे. मी हे ऐकलं तेव्हा हसलो. घरी गेल्यावर हसू आलं नाही. कारण धाकटीने पुढच्याच वर्षी हट्टाने गुडघा बदलून घेतला होता. आमच्याकडे नाही, दुसरीकडे. गरज नसताना चांगलं हाड कापलं गेलं, आणि त्या कापण्याला त्या फ्रेमची साथ होती.

आता त्याच्या अंगठ्याबद्दल सांगायला हवं. वर्षानुवर्षं दाभणं ओढली गेल्यावर, आणि डबी दोन-तीनदा फरशीवर पडल्यावर, त्या नमुन्याच्या एका कडेचा पापुद्रा उडाला होता. नखाएवढी जागा करडी पडली होती. म्हणजे ज्या वस्तूचा लेप जात नाही असं तो रोज ओरडून सांगायचा, तिचाच लेप गेला होता. दुसरा कुणी असता तर थोडा तरी वरमला असता. अवचारने गुडघा धरण्याची पद्धत बदलली. उजव्या हाताचा अंगठा नेमका त्या जागेवर. दाखवताना, फिरवताना, म्हातारीच्या हातात देताना आणि परत घेताना तो अंगठा तिथून हलायचा नाही. मूर्तिकाराकडून सोनेरी रंग आणून त्याने ती जागा एकदा रंगवूनही पाहिली. पण रंग दाभणाला टिकेना, म्हणून पुन्हा अंगठाच. मला तर पुढे पुढे असं दिसायला लागलं, की तो चहाचा कपही तसाच धरतो.

त्याची आई सुभद्राबाई. या बाईमुळे मी हे लिहायला बसलो, नाहीतर अवचारसारख्यावर शाई घालवायचं काही कारण नव्हतं. बारीक, काळीसावळी, नाकात मोठी नथनी, नवरा गेल्यावरही न उतरवलेली. केनवडला राहायची. दोन्ही गुडघे पार गेलेले. घरातून अंगणात यायचं तर भिंत धरून. तिचं एकच मागणं होतं. गावाबाहेर, नाल्यापलीकडे तिचं वावर होतं. नवरा गेल्यापासून ते वावर तिनेच कसलं होतं, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती तिथे गेली नव्हती. ती मला म्हणाली होती, "सर, मले काई डोंगर नाही चढाचे. माह्या पायानं वावरात जाचं, धुऱ्यावर उभं राहून तूर पाहाची, अन् वापस याचं. कोनाचा हात नाही धरनार मी." कुणीतरी बैलगाडीतून नेतो म्हटलं होतं, मोटरसायकलवर नेतो म्हटलं होतं. तिने नाही म्हटलं. वावरात पाहुण्यासारखं उतरायचं नव्हतं तिला.

अवचारने तिला सोनेरी गुडघा बसवला. उजवा. तिला खरंच गरज होती, तेव्हा त्यात वाईट काही नव्हतं, आणि मी मनातल्या मनात त्याला एक गुणही देऊन टाकला. म्हटलं, चला, निदान स्वतःच्या आईला तरी तो तोच माल देतो जो जगाला विकतो. तो गुण मला पुढे परत घ्यावा लागला.

म्हातारी चिवट होती. तिच्याइतका मन लावून व्यायाम करणारा पेशंट मी पाहिलेला नाही. दुखलं की नथनीखालून ओठ दाबायची आणि म्हणायची, "वाकवा, वाकवा, मी काई काचेची नाही." डाव्या पायाच्या दुखण्यासकट काठीच्या आधाराने ती थोड्याच दिवसांत दवाखान्याच्या व्हरांड्यात चालू लागली. मी अवचारला सांगितलं, आता घरी ने, रोज थोडं थोडं चालू दे, हळूहळू तिला वावरापर्यंत जाऊ दे.

त्याने तिला घरी नेलंच नाही. वाशीमला खोली घेऊन ठेवलं आणि रोज सकाळी ओपीडीच्या वेळेला रिक्षातून दवाखान्यात आणू लागला. बाकावर गिऱ्हाईक बसलं की हाक, "माय, चाल." म्हातारी उठायची. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. "वळ." वळायची. "लुगडं जरा वर घे, टाके दाखव." म्हातारी लुगडं गुडघ्यापर्यंत घ्यायची आणि दुसरीकडे पाहायची. मग त्याचं वाक्य. मग पुन्हा बाक. त्या व्हरांड्यात ती जेवढी चालली, तेवढ्यात केनवडच्या वावरात जाऊन कितीदा तरी परत आली असती. एकदा माझ्या खोलीत पाय सोडून बसली असताना ती म्हणाली, "पयले मी त्याची माय होती, सर. आता मी त्याचं दुकान हाय."

मी त्याला गाठला. माझा आवाज चढला होता. म्हटलं, "तिला वावरात कधी नेतोस?" तो म्हणाला, "संक्रांतीले." संक्रांत गेली. "पाडव्याले." पाडवा गेला. शेवटी मी फारच धारेवर धरल्यावर तो चिडला आणि खरं बोलून गेला. "सर, तुमाले समजत नाही. ते काया मातीचं वावर, ढेकलं, नाल्यात गोटे. तिचा पाय मुरगला, ते पडली, तर मंग? डेमो पीस हाय ते!"

डेमो पीस. आईला. मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आपण काय बोललो याची त्याला कल्पनाही नव्हती. त्याला वाटलं, मला पटलं. त्याने मखमलीची डबी उघडून, आतल्या गुडघ्यावर फुंकर मारून, रुमालाने पुसून परत मिटली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे सरकला. आईच्या पायापेक्षा पायावरच्या त्या पातळ पापुद्र्याला जास्त जपणारा माणूस मी त्याच्याआधी पाहिला नव्हता, आणि पुढे पाहायची इच्छाही नाही.

सुभद्राबाई त्याच उन्हाळ्यात गेली. त्यात गुडघ्याचा काही दोष नव्हता. छातीत पाणी झालं, दोन दिवस दवाखान्यात होती, आणि संपली. गुडघा शेवटपर्यंत उत्तम होता, हे अवचार बातमी सांगायला आला तेव्हाही सांगून गेला.

त्यांच्याकडे ज्याच्या त्याच्या वावरातच चिता रचतात. त्यामुळे शेवटी म्हातारी वावरात गेली, चौघांच्या खांद्यावरून. मी केनवडला पोचलो तेव्हा अंत्ययात्रा नाल्यापाशी आली होती. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बोरीचं एक झाड होतं, त्याच्याजवळ तिला उतरवलं. अंगावरचं सगळं आधीच काढलं होतं, नथनीसुद्धा. आपल्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात तुळशीचं पान आणि सोन्याचा कण ठेवतात. तो कण कुणी आणला आहे का, अशी विचारणा झाली, तेव्हा अवचार म्हणाला, "कायले पाह्यजे? तिच्या पायात हाय ना." चार माणसं चमकून त्याच्याकडे पाहू लागली. तिचा भाऊ, म्हणजे अवचारचा किन्हीराजाचा मामा, पुढे झाला. स्वतःच्या बोटातली अंगठी काढून तिची कड दगडाने ठेचून त्याने एक तुकडा केला आणि बहिणीच्या ओठांत ठेवला. अवचार तेव्हा मोबाइलवर कुणाला तरी वावराचा रस्ता सांगत होता.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला मी पुन्हा गेलो. का गेलो, ते मला नीट सांगता येणार नाही. म्हातारीचा जीव होता माझ्यावर आणि माझा तिच्यावर, एवढंच. सकाळची वेळ. मामा उकिडवा बसून राखेवर दूध शिंपडत होता, हाताने अस्थी वेचून मडक्यात टाकत होता. भोवती दहा-बारा माणसं उभी. कशाची वाट पाहत होती, ते कळत होतं. इतकी वर्षं ज्याची कीर्ती ऐकली, तो सोन्याचा गुडघा आता निघणार होता.

मामाचा हात एका जड वस्तूला लागला. त्याने ती उचलली, राख झटकली आणि दुधाने धुतली. ती काळी होती. काही ठिकाणी जांभळट, काही ठिकाणी करडी, आणि वरून फुफाट्यासारखं काहीतरी सुटत होतं. सोनेरी असं तिच्यावर टिकलीभरही उरलं नव्हतं. खालची चकती तर जळून कधीच गेली होती. मामाने ती उलटीपालटी केली आणि साध्या आवाजात म्हटलं, "शरद, हे त लोखंड हाय गा."

दुसरा एक म्हातारा म्हणाला, "जीव बी गेला अन् ते बी गेलं." त्यात टोमणा नव्हता. त्याने दिसलं तसं सांगितलं.

अवचारने ती वस्तू मामाच्या हातातून घेतली. खांद्यावरच्या दस्तीने घासू लागला. "राख बसली हाय," म्हणाला, "घासली का निंगन." घासत राहिला. दस्ती काळी झाली. त्याने थुंकी लावली, पुन्हा घासलं. माणसं हळूहळू नाल्याकडे हातपाय धुवायला गेली, तरी तो बोरीखाली उभा राहून घासतच होता. मामा जाताना म्हणाला, "नदीत सोड ते, हाडासंगं." "सोडतो," तो म्हणाला आणि ती वस्तू पँटच्या खिशात टाकली. त्या क्षणी मला त्याची कीव आली. सगळ्या वर्षांत एकदाच. मला वाटलं, आता तरी या माणसाचं तोंड बंद होईल.

चार-सहा महिने तो दवाखान्यात दिसला नाही. मग एक दिवस मी माझ्या खोलीतून बाहेर आलो, तर बाकावर पांढरे बूट. मांडीवर डबी. डबी नवीन होती, निळी. शेजारी मंगरूळकडची एक जाडजूड बाई बसली होती, दोन्ही पाय लांब सोडून. जावई तिच्यामागे भिंतीला टेकून उभा. अवचारने झाकण उघडलं. आत गुडघा होता, पिवळाधम्मक. पण पिवळा वेगळाच, देवळाच्या कळसाला असतो तसा, जरा तांबूस. हा सिरॅमिकचा रंग नव्हे, हे मला दारातूनच कळलं. सराफ बाजारात खोट्या दागिन्यांना जे लोक मुलामा देतात, त्यांच्याकडचं ते काम होतं.

"मावशी, हा नवा नाही," अवचार सांगत होता. आवाज खाली आणला होता, देवाजवळ बोलावं तसा. "हा माह्या सोताच्या मायच्या पायातला हाय. माय गेली. चितेतून काढला. पाहा, जसाच्या तसा. म्हनून म्हनतो, जीव जाईन, कोटिंग जानार नाही." तेवढ्यात त्याला मी दिसलो. कुणी दुसरा असता तर डबी मिटली असती. तो म्हणाला, "हे सर होते तथी. इचारा सरले, होते का नाही?"

बाईने माझ्याकडे पाहिलं. "होतो मी," मी म्हणालो. पुढचं बोलायला तोंड उघडलं, पण ती बाई माझ्याकडे बघतच नव्हती. तिचं लक्ष बाकावर पडलेल्या दाभणाकडे गेलं होतं. ते त्याने सवयीने काढून ठेवलं होतं.

"हे कायले हाय?" तिने विचारलं.

"ते... ते नव्या पीसले घासून पाहाले."

"मंग आन, यालेच घासून पाहातो." तिने दाभण उचललं. "चितेत काई झालं नाही त दाभनानं काय होते?"

अवचारने डबी झटकन स्वतःकडे ओढली. इतकी वर्षं जो माणूस भेटेल त्याच्या हातात दाभण देत आला, त्याने पहिल्यांदाच दाभणापासून वस्तू लांब नेली. "नाही मावशी," तो म्हणाला, "याले नोको. मायची आठवन हाय हे." त्याचे डोळे भरून आले होते. ते खरे भरले होते की तेही कामाचे होते, यावर मी तेव्हा विचार केला नाही आणि आताही करत नाही. खरे असले, तर मला त्याचा जास्तच तिटकारा वाटेल.

बाईने दाभण बाकावर ठेवलं. एक हात जावयाच्या खांद्यावर, दुसरा स्वतःच्या गुडघ्यावर देऊन ती हळूहळू उठली. उठताना तोंडातून कळ निघाली. उभी राहिल्यावर तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. उकिरड्यात हरवलेलं काही सापडतं का, असं पाहावं तसं.

"मायची आठवन हाय म्हनतं," ती म्हणाली, "मंग तिले बजारात कायले बसोलं?"

आणि लंगडत डॉक्टरांच्या खोलीकडे निघून गेली. व्हरांडा तोच होता, जिथे सुभद्राबाई लुगडं वर धरून चालायची. अवचारने डबी मिटली. त्या दिवसानंतर तो आमच्याकडे आला नाही. माझ्या डोळ्यांपुढे येतो तो तसाच, बाकावर बसलेला. डबी मिटलेली होती, आत काय आहे ते कुणालाच दिसत नव्हतं, तरी त्याचा उजवा अंगठा झाकणावर गच्च दाबलेला होता.